आजीची पावल्यांची माळ: कड्या कापू नका

आजीच्या माळेचा दोरा कुजलाय, तर नाण्यांना जोडलेल्या कड्या काढून पावल्या, म्हणजे चार आण्यांची जुनी नाणी, विकाव्यात की माळ पुन्हा गाठवून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: कड्यांना हात लावू नका. डाख दिलेल्या, म्हणजे धातू वितळवून कडी जोडलेल्या नाण्याला संग्राहक तसाही कमीच भाव देतात, आणि कडी उडवली तरी डाखाचा डाग काठावर राहतोच. आज तुमच्या हातात दागिना आहे, कड्या कापल्यात की नुसती मोड.

दोरा सोडवण्याआधी माळ पांढऱ्या कापडावर पसरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुठल्या पावलीनंतर किती मणी, मधोमध काय, हे मणी वाटीत पडल्यावर कोणालाच आठवत नाही.

मग भिंग घेऊन सालं वाचा. सगळ्यांत अलीकडचं साल ज्या नाण्यावर, त्याच्या आधी माळ आजच्या रूपात नव्हती, एवढं नक्की. माझ्या आजेसासूबाईंच्या माळेत सगळ्या राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या पावल्या, फक्त एक पंचम जॉर्जची, 1936 ची. तिची कडीही वेगळी, जाड तारेची. राणीचे गाल अंगावर घासून गुळगुळीत झालेले, राजाची मिशी मात्र अजून बोटाला लागते. अडीनडीला एक पावली मोडली असावी आणि हात सुटल्यावर ती जागा भरली असावी, असं मला वाटतं. घरातल्या बाईचा हिशोब आहे तो, म्हणूनच मोडू नका म्हणते.

राणीछाप पावली मुळात 2.92 ग्रॅमची, 91.7 टक्के चांदीची. दुसऱ्या महायुद्धात चांदी निम्म्यावर आली. 1946-47 च्या निकेलच्या, त्या लोहचुंबकाला चिकटतात.

साफसफाईत फार नुकसान होतं. चिंच-लिंबू अजिबात नको. पोवळं असेल तर आंबट त्याला खातं. लाख भरलेले पोकळ मणी असतील तर गरम पाणीही नको. नाणी सुटी झाल्यावर रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, लगेच पुसा. अक्षरांच्या खाचांतला काळेपणा राहू द्या, त्यानेच छाप उठून दिसतो.

गाठवायला पटवेकऱ्याकडेच, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या कारागिराकडेच द्या. तारेत ओवू नका, नाण्याची कडी तारेवर झिजते. जुन्या दोऱ्याचा धड तुकडा उरला असेल तर नमुना म्हणून सोबत द्या आणि आठवणीने परत मागून घ्या.