इनसोलच्या आधी एक्स-रे

ताई, लेकीच्या पाठीच्या बाकावर उपाय म्हणून कुणी खास इनसोल, म्हणजे बुटात घालायचा तळ, करून देतो म्हणालं की लगेच पैसे मोजू नका. आधी उभ्यानं पूर्ण मणक्याचा एक्स-रे काढा आणि कॉब कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाक, किती अंश ते विचारा. 10 अंशांच्या खाली असेल तर त्याला स्कोलिओसिस, म्हणजे मणक्याचा बाजूला गेलेला बाक, म्हणतच नाहीत.

एक पाय आखूड असून कंबर कलली असेल, तर टाचेखालच्या उंचवट्यानं फरक पडतो. तिला स्टुलावर बसवून बघा. बसल्यावर बाक गेला तर संशय पायावर. पण पुढं वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर येत असतील, तर मणकाच पिळलाय. तो पीळ बुटात काहीही घातलं तरी सुटत नाही, दुकानदार काहीही सांगो.

वाढ बाकी असताना 25 ते 40 अंशांना साधारण ब्रेसच, म्हणजे धडाला घालायचं कडक जॅकेट, सांगतात. 2013 साली अमेरिका-कॅनडातला अभ्यास आला: ब्रेसवाल्या 72 टक्के मुलांचा बाक 50 अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. ब्रेस जास्त तास घातला, तर जास्त फायदा. आत सुती बनियन घाला, मे महिन्यात तर हवाच.

खानापूर-निपाणीहून बेळगावला दाखवायला जाताना जुने एक्स-रे न्या. पाळी कधी सुरू झाली तेही विचारतील, वाढ किती उरली ते त्यावरून कळतं.