जबड्याचं ऑपरेशन आणि नंतरची पेज

प्रश्न : डॉक्टर, आम्ही देवगडजवळचे. मुलगी २१ वर्षांची, खालचा जबडा पुढे आहे, पुढच्या दातांनी घावणासुद्धा तुटत नाही, बाजूने ओढून खाते. सव्वा वर्ष तारा लावल्यात तर दात आता अजूनच वाईट दिसायला लागलेत, शेजारचे विचारतात पैसे कशाला घातलेत. आता कोल्हापूरला वरच्या-खालच्या दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन ठरलंय. तिची आजी म्हणते पोरीचा चेहरा कापू नका. नेमकं काय होतं आणि घरी आणल्यावर काय करायचं? – एक आई

उत्तर : ताई, तारांचं आधी. जबडा पुढेमागे असला की दात इतकी वर्षं आपलं आपलं जुळवून घेतात, खालचे आत कलतात, वरचे पुढे. तारा त्यांना आपापल्या हाडावर सरळ उभं करतात, मग जबड्यांमधला खरा फरक उघडा पडतो. म्हणजे वाईट दिसतंय ते काम बरोबर चाललंय म्हणून, शेजाऱ्यांना सांगा हवं तर.

आजींना सांगा, चेहऱ्यावर कापत नाहीत. चिरा तोंडाच्या आतून घेतात, फार तर गालावर तांदळाच्या दाण्याएवढी खूण राहते कधीकधी. पूर्ण भूल देऊन, नाकातून नळी घालून. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वरून आडवा सोडवतात, आणि खालचा मागच्या दाढांपाशी दोन्ही बाजूंना उभा चिरून फळीवर फळी सरकवावी तसा मागे घेतात, मग टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा आणि स्क्रू. दोन्ही जबडे म्हणजे साधारण तीन ते पाच तास. प्लेटा सहसा आयुष्यभर आतच राहतात, आणि नाही, त्या गंजत नाहीत. आपल्याकडे खाऱ्या हवेत पत्रे गंजतात ना, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो.

हॉस्पिटलात दोन ते चार दिवस. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, ओळखू येणार नाही इतकी, घाबरू नका. बरीचशी दोन-तीन आठवड्यांत उतरते, शेवटची थोडी मात्र महिने घेते. दुखण्यापेक्षा चोंदलेल्या नाकाचा वैताग जास्त, आणि दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं.

आता जे लोक आधी विचारत नाहीत ते. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. हाडाच्या आतून जाणारी नस तिथेच असते जिथे हाड चिरतात. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते, काहींना वर्ष लागतं, आणि काहींचा थोडासा भाग कायमचा बधिर राहतो. सही करण्याआधी सर्जनला हे स्पष्ट विचारा. घरी याचा अर्थ काय, तर पेज ओठावरून हनुवटीला ओघळते आणि पोरीला पत्ताच नसतो, चहा गरम आहे हे ओठाला कळत नाही आणि भाजतं. वाटी आधी तुमच्या मनगटाला लावून बघा, हातात रुमाल आणि समोर छोटा आरसा.

खाणं : पहिले दोन आठवडे बहुतेक पातळच, सिरिंजला छोटी रबरी नळी लावून गालातून, स्ट्रॉ नको. उकड्या तांदळाची पेज चांगलीच, पण नुसत्या पेजेवर पोर वाळेल, म्हणून कुळथाची पिठी पातळ करून, नाचणीची आंबील, दूध, डाळीचं पाणी नाही तर घोटलेली डाळ, माशाचं सार दोनदा गाळून, एकही काटा नको. सोलकढी आणि तिखट थोडं थांबवा, टाक्यांना झोंबतं. हापूस असेल त्या दिवसात तर रस गाळून, तोही सिरिंजमधून जातो! प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. मग गुरगुट्या भात वगैरे, आणि चावायचं साधारण सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टर हो म्हणाले की.

येताना करूळ असो नाहीतर फोंडा, घाट आहेच. लगेच निघू नका, पहिला चेकअप होईपर्यंत कोल्हापुरातच राहिलात तर उत्तम. तोंडात वरच्या-खालच्या तारांना जोडून जबडा धरून ठेवणारी रबरं असतात आणि वळणांवर ओकारी आली तर पोटात पातळच असल्याने ते बाहेर येतं, फक्त तिला पुढे वाकवायचं, आणि रबरं कापायला छोटी कात्री पर्समध्ये, कशी कापायची ते डिस्चार्जच्या आधी नर्सकडून शिकून घ्या. रक्त थांबत नाही, श्वासाला त्रास, ताप, किंवा दात अचानक वेगळे बसायला लागले, तर फोन तिथेच, रात्र असली तरी.

आणि दुसरा आठवडा. सूज आहे, बोलता येत नाही, पेजेचा कंटाळा आलाय आणि बघायला येणारे म्हणतात 'अगो, कशी दिसतेस!' पोरी रडतात, काही जण ऑपरेशन का केलं म्हणतात. पाहुणे बंद करा सरळ. आजींना दारात बसवा, हे काम त्या झकास करतील.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, १७ वर्षांचा. माझाही जबडा पुढे आहे, बारावीच्या सुट्टीत ऑपरेशन उरकता येईल का? घरच्यांना खर्चाचंही टेन्शन आहे.

उत्तर : नाही रे, घाई नको. मुलांचा खालचा जबडा अठरानंतरही वाढू शकतो, आत्ता बसवला तर पुन्हा पुढे येईल. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या एक्स-रेंमध्ये वाढ थांबलेली दिसली पाहिजे. तोवर तारा कधी सुरू करायच्या ते ऑर्थोडॉन्टिस्टला विचार, आणि अक्कलदाढ काढायची असेल तर बरेच सर्जन ती सहाएक महिने आधी काढून घेतात. खर्चासाठी मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा नायर डेंटलला एकदा दाखवून ये. मेडिक्लेम असेल तर चावताना काय त्रास होतो ते डॉक्टरकडून लिहून घे, 'सौंदर्यासाठी' असा शिक्का बसला की कंपन्या हात वर करतात.