साडेसात हजार पौंडांचा पेनी-संग्रह घ्यावा का?

प्रश्न (थोडक्यात): मी लेस्टरला राहतो. जुन्या ब्रिटिश पेनी जमवायचा छंद आहे. ओळखीचे एक वयस्क संग्राहक १८६० ते १९३६ या काळातल्या पेनींचा अल्बम आणि १९०५ चा एक हाफ क्राउन (अडीच शिलिंगांचं चांदीचं नाणं) असं सगळं मिळून ७,५०० पौंडांना द्यायला तयार आहेत. अल्बममध्ये १८८२ ची ‘एच’ नसलेली, १९०२ ची ‘लो टाइड’, १९१८ आणि १९१९ च्या ‘केएन’ आणि १९२६ ची ‘मॉडिफाइड एफिजी’ (राजाचं चित्र किंचित बदललेली) आहे. बचत १८,००० पौंड, मुलगी तीन वर्षांनी विद्यापीठात जाईल. बचतीतले ४,५०० घालायचे आणि बाकीचे पुण्यात आईकडे असलेल्या पाच गिन्या इकडे आणून विकून उभे करायचे, असं मनात आहे. गुंतवणूक म्हणून हे कसं वाटतं?

उत्तर: आधी गिन्यांचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर नुकसान फक्त पैशाचं होणार नाही. एका गिनीवर १९१८ साल आणि त्याच्या वर बारीक ‘आय’ अक्षर असल्याचं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती मुंबईच्या टाकसाळीत पाडलेली सॉव्हरिन, आपण जिला गिनी म्हणतो ते ब्रिटिश सोन्याचं नाणं. तिथे सॉव्हरिन फक्त त्याच वर्षी पाडल्या गेल्या, १२,९५,३७२. तिला शंभर वर्षं उलटून गेली आहेत, आणि भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणंही पुरावशेषच ठरतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. बाकीच्या चार कुठल्या सालच्या आहेत ते तुम्ही कळवलेलं नाही. त्या जुन्या निघाल्या तर त्यांनाही हेच लागू. बॅगेत घालून आणायचा विचार कृपया सोडा. शिवाय त्या आईच्या आहेत. दर गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं आहे आणि ते पुण्यात कुठल्याही सराफाला कळतं. उद्या आईला औषधपाण्याला पैसे लागले, तर तेच पहिल्यांदा कामी येईल.

आता अल्बम. गिनी आणि पेनी यांत फरक असा, की गिनीची किंमत निम्मीअधिक वितळवूनही हातात राहते. पेनी ९.४ ग्रॅम कांस्याची; भंगारात तिचे काही पेन्स येतील. बाकी सगळी किंमत एखाद्या अक्षराची, एखाद्या रेघेची आणि नाणं किती झिजलंय याची. म्हणून ७,५०० हा आकडा कुठल्या नाण्यांवर उभा आहे, हे पाहायला हवं. मला दिसतं ते असं: १८८२ ची पेनी आणि १९०५ चा हाफ क्राउन, ही दोनच.

१८८२ च्या पेनी बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीने पाडल्या, म्हणून सालाच्या खाली ‘एच’ असतो. तो नसलेली पेनी अतिशय दुर्मिळ, आणि नेमकं म्हणूनच ‘एच’ खरडून काढलेल्या किंवा झिजून गेलेल्या पेनी ‘दुर्मिळ’ म्हणून फिरतात. दहापट भिंगाखाली, उजेड तिरका धरून सालाखालची जागा बघा. तिथला धातू आजूबाजूपेक्षा खोल, गुळगुळीत किंवा वेगळ्या रंगाचा दिसला, तर ती साधीच पेनी समजायची. हाफ क्राउनचं त्याहून अवघड आहे. १९०५ मध्ये ते फक्त १,६६,००८ निघाले आणि बनावट खूप आहेत. वजन १४.१४ ग्रॅम भरलं म्हणून खूश होऊ नका. त्याच राजाच्या, सातव्या एडवर्डच्या, दुसऱ्या एखाद्या वर्षाच्या नाण्यावरचा शेवटचा आकडा बदललेला असेल, तर वजन बरोबरच भरणार.

उरलेल्यांची मला इतकी धास्ती नाही. ‘लो टाइड’मध्ये ब्रिटानियाच्या (पेनीवर बसलेल्या स्त्रीच्या) मागची समुद्राची रेघ नेहमीपेक्षा खाली असते, साधी १९०२ ची पेनी शेजारी ठेवली की लगेच कळतं. किंग्ज नॉर्टन या टाकसाळीची ‘केएन’ अक्षरं सालाच्या डावीकडे असतात. ही नाणी बाजारात मिळत राहतात, त्यांचा भाव स्थितीवर ठरतो. एक मात्र अल्बम घेण्याआधी बघाच: कुणी पेनी घासून चमकवल्यात का? घासलेल्या पेनीला जाणकार गिऱ्हाईक निम्माही भाव देत नाही.

आणि विकताना काय होतं? समजा, लिलावगृह घेणाऱ्याकडून हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, करासकट २४ टक्के घेतं आणि तुमच्याकडून १५ टक्के कमिशन कापतं. घेणाऱ्याच्या खिशातून १०० पौंड गेले, तर तुमच्या हातात साधारण ६८ येतील. म्हणजे आज बाजारभावाने घेतलेला अल्बम नुसता बरोबरीत सुटायलाही जवळपास निम्म्याने महागायला हवा. तोही तीन वर्षांत, मुलीच्या प्रवेशाच्या नेमक्या महिन्यात, आणि त्या दोन नाण्यांचं गिऱ्हाईक तेव्हा हजर असलं तर. घराच्या विम्यात अशा संग्रहाला बहुधा मर्यादा असते, तेही विचारून घ्या.

म्हणून माझं उत्तर: गुंतवणूक म्हणून नको. मुलीच्या राहण्याखाण्यासाठी बाजूला काढलेल्या पैशाला हात लावू नका. तीन वर्षांच्या गरजेचे पैसे कॅश आयसात (व्याजावर कर न लागणाऱ्या बचत खात्यात) किंवा ठरावीक मुदतीच्या खात्यातच शोभतात.

छंद मात्र सोडू नका, असं मला मनापासून वाटतं. रोज रात्री भिंग घेऊन बसणाऱ्या माणसाला त्यातून जे मिळतं, ते कुठल्याही फंडात मिळत नाही. इतर खर्च भागल्यावर हजारेक पौंड त्यासाठी बाजूला काढता येत असतील, तर त्या गृहस्थांना प्रत्येक नाण्याची वेगळी किंमत लिहून मागा. ‘लो टाइड’, ‘केएन’, १९२६ ची, यांतली आवडतील ती पारखून घ्या. १८८२ ची आणि १९०५ चा हाफ क्राउन ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सभासद व्यापाऱ्याला दाखवून, त्या गृहस्थांनी स्वतःच लिलावात द्यावेत असं सुचवा. नाणी खरी निघाली तर त्यांनाही एकगठ्ठा विकण्यापेक्षा जास्त मिळू शकेल, आणि पारखलेल्या नाण्यावर बोली लावायला तुम्ही मोकळे असाल.