डेब्रिजचं डायव्हर्जन: टक्केवारी काढायची कशी?

लीड व्ही४, म्हणजे हरित इमारतींच्या रेटिंगमधल्या बांधकाम कचऱ्याच्या (वेस्ट) क्रेडिटबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले नेहमीचे चार घेतो. डायव्हर्जन म्हणजे एकूण कचऱ्यातला लँडफिलला न जाता रिसायकलिंगला किंवा पुन्हा वापरात गेलेला भाग.

प्र. बेसमेंटचा २००० टन मुरूम दुसऱ्या साइटच्या भरणीला गेला. डायव्हर्जनमध्ये धरू का?

नाही. खोदाईची माती, मुरूम, झाडंझुडपं यातलं काहीच हिशोबात येत नाही, ना भागाकाराच्या वर ना खाली. समजा बाकी कचरा ४०० टन झाला, त्यातलं काँक्रीट-विटा २८०, सळई ३०, लाकूड १२ आणि पुठ्ठा ३ टन रिसायकलिंगला गेलं, तर ३२५ भागिले ४०० म्हणजे ८१ टक्के, स्ट्रीम, म्हणजे मालाचे वेगवेगळे प्रकार, तेही चार झाले, ७५ टक्के आणि चार स्ट्रीमवाले दोन पॉइंट मिळाले. आता त्यात मुरूम घुसवा, तेच ९७ टक्के दिसतं! क्लायंटला असले आकडे फार आवडतात, लीडचा अर्ज तपासणारा रिव्ह्यूअर मात्र तिथेच बोट ठेवतो.

प्र. डंपरवाला ब्रासवर बिल देतो, भंगारवाला किलोवर. बेरीज कशी करू?

वजन नाहीतर व्हॉल्यूम, जे धराल ते शेवटपर्यंत. मी तरी वजनच सांगेन. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, पण वजन मालावर ठरतं ना, हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे नि काँक्रीट सारखे कसे भरतील? म्हणून प्रत्येक प्रकारच्या मालाच्या काही गाड्या काट्यावर न्या, रिकामं आणि भरलेलं दोन्ही वजन घ्या, त्यावरून एका ब्रासचं वजन काढा आणि तोच फॅक्टर बाकी गाड्यांना लावा. पावत्या त्या-त्या दिवशीच फाइलला लावा, शेवटी एकदम बसून बनवलेल्या पावत्या लगेच ओळखू येतात.

प्र. काँट्रॅक्टर म्हणतो मिक्स माल एकच जण उचलतो, १०० टक्के रिसायकल होतो.

पुढे कुठे जातो ते लेखी मागा. मिक्स गाडी एकच स्ट्रीम धरतात, रिसायकलिंग प्लांटने मटेरियलप्रमाणे आकडे दिले तरच वेगळ्या स्ट्रीम. लँडफिलवर रोजचा थर म्हणून पसरलेलं डेब्रिज धरत नाहीत, आणि रात्री खाडीत ओतलेलं तर विचारूच नका.

प्र. आमचा कचराच कमी निघतो, टक्केवारी ४० च्या वर जात नाही.

मग टक्केवारी सोडा, दुसरा ऑप्शन बघा. दर चौरस मीटर फ्लोअर एरियाला एकूण कचरा १२.२ किलोच्या आत, म्हणजे ३००० चौरस मीटरला ३६.६ टन. सळई कट-अँड-बेंड (मापात कापून-वाकवून) मागवत असाल तर निम्मं काम झालंच, टाइल्सचा लेआउट मात्र ऑर्डरच्या आधी करून घ्या.