राउटरला कन्सोल केबल (संगणकावरून थेट राउटरची सेटिंग करायची केबल) लावली, पण पुटीमध्ये (PuTTY, राउटरशी बोलायचा संगणकावरचा प्रोग्राम) नुसती काळी स्क्रीन. काय करू?

मालवणच्या होमस्टेमधला जुना सिस्को राउटर आणि यूएसबीची निळी कन्सोल केबल, असं तुम्ही लिहिलंय. आधी केबल ‘कन्सोल’ लिहिलेल्या पोर्टातच आहे ना ते बघा, इथरनेटचं पोर्ट दिसायला अगदी तसंच असतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलपुढे दिसणारा कॉम नंबरच (COM3 सारखा) पुटीत टाका. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. फ्लो कंट्रोल मात्र आठवणीने ‘नन’ करा, पुटी तिथे स्वतःहून एक्सऑन/एक्सऑफ ठेवतं.

आता दोन-तीनदा एंटर दाबा. राउटर आपणहून काही बोलत नाही, बरेच जण इथेच अडकतात. अगम्य अक्षरं आली तर वेग चुकलाय, ११५२०० करून बघा.

तरीही शांतता असेल तर केबल लावलेली ठेवून राउटर बंद-चालू करा, सुरू होतानाचा मजकूर सरसर दिसायला हवा. तोही नाही आला तर टॉर्च मारून पोर्टात बघा. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी अर्धा दिवस सेटिंग बदलत बसलो होतो, आणि पोर्टातल्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या होत्या. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसल्या, वाळू दिल्या, आणि प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची ओळ) आला.