टेलोमिअर आखूड म्हणजे गुणसूत्रं तुटायला लागली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 38, तब्येत ठणठणीत, हौसेनं केलेल्या तपासणीत टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं) 'वयाच्या मानाने आखूड' निघाले, वर 'जैविक वय 47' छापून आलं. मग गुणसूत्रं तुटायला लागली का?

त्या कागदावरून तसं मुळीच ठरत नाही. गुणसूत्रांच्या लॅबमध्ये बरीच वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुंभाच्या टोकाला गाठ मारली नाही तर पीळ सुटतो. गुणसूत्राच्या टोकाची गाठ म्हणजे टेलोमिअर: टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारभर वेळा, आणि त्यावर प्रथिनांचं आवरण. गाठ फारच झिजली की आवरण टिकत नाही. मग पेशीला ते टोक तुटलेलं वाटतं आणि ती ते दुसऱ्या टोकाला जोडून मोकळी होते. असं जोडलेलं गुणसूत्र पेशी विभागताना दोन्हीकडून ओढलं जातं, तुटतं, पुन्हा जोडलं जातं. अमेरिकी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी हे रहाटगाडगं मक्यात 1930च्या दशकाअखेरीस पाहिलं होतं. तेव्हा संबंध आहे, तो खराच.

मेख सरासरीत आहे. 46 गुणसूत्रं, म्हणजे 92 टोकं. तुमचा आकडा लाखो पेशींतल्या सगळ्या टोकांची मिळून सरासरी. दोर मात्र जिथे सर्वांत झिजलाय तिथेच तुटतो. सरासरीपेक्षा सर्वांत आखूड टोकं निर्णायक असतात, हे 2001 साली उंदरांवर दाखवलं गेलं. शिवाय निरोगी माणसात टोक फार आखूड झालं की पेशी बहुतेक वेळा विभागणंच थांबवते, जोडाजोडीपर्यंत गाडी जात नाही.

आता '47' कडे बघा. प्रौढांच्या पांढऱ्या पेशींत टेलोमिअर साधारण सात हजार अक्षरांचे, आणि वर्षाला वीस-तीस अक्षरं कमी होतात. नेहमीच्या पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून मोजण्याच्या) पद्धतीत पाच टक्के इकडेतिकडे होणं सहज शक्य. सात हजाराचे पाच टक्के म्हणजे साडेतीनशे, म्हणजे दहा-पंधरा वर्षांचा हिशेब एका चुकीत वाहून गेला! त्यात जन्मतःच प्रत्येकाची लांबी वेगळी असते.

गुणसूत्रांची इजा मोजायची असेल तर ती वेगळी मोजतात. रक्त घ्यायचं, पेशी तीन दिवस वाढवायच्या आणि विभागलेल्या हजारभर पेशींत मायक्रोन्यूक्लियस, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे, मोजायचे. निरोगी माणसातही पाच-दहा सापडतात. वयाबरोबर ते वाढतात, टेलोमिअर वयाबरोबर घटतात. त्यामुळे विशीची आणि सत्तरीची माणसं एकत्र मोजली की दोन्हींचं नातं घट्ट दिसतं, पण त्यातला मोठा वाटा वयाचाच.

गुणसूत्रांना इजा करणाऱ्या किरणोत्सर्गाचंच उदाहरण घ्या. केरळातल्या कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियममुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे, काही ठिकाणी वर्षाला 45 मिलिग्रेपर्यंत (मिलिग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप). आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी 2009 साली तिथल्या प्रौढांचे टेलोमिअर मोजले, ते आखूड आढळले नाहीत. नवजात बाळांतही मायक्रोन्यूक्लियस जास्त निघाले नाहीत.

आखूड टेलोमिअरमुळे होणारे आजार खरंच असतात, पण ती तऱ्हा निराळी. घरात कुणाला अस्थिमज्जा निकामी होण्याचा किंवा फुप्फुसं कडक होण्याचा त्रास होता का? विशीतच केस पांढरे झाले का? तसं असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा; ते टेलोमिअर मोजणारी फ्लो-फिश नावाची नेमकी तपासणी करायला सांगू शकतील. तसं काही नसेल तर हा रिपोर्ट फाइलला लावून टाका, आणि पुढच्या वर्षी तीच तपासणी पुन्हा करायला पैसे घालवू नका.