लहान मुलाच्या पोटातली गाठ बघताना

रत्नागिरीत सोनोग्राफीला बसायला लागलायस, म्हणून सांगतो. लहान मुलाच्या पोटात पाण्याची गाठ दिसली की लगेच 'मेसेंटेरिक सिस्ट' (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली गाठ) लिहून मोकळा होऊ नकोस. आधी भिंत बघ. हाय फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब (पोटावर टेकवायचा सपाट तोंडाचा) घे, जेल कोमट करून लाव, पोर आईच्या मांडीवरच राहू दे. रडत्या पोटात काही दिसत नाही. आतली कड पांढरी आणि तिच्याबाहेर काळी, असे दोन थर दिसले तर ती आतड्याची जन्मजात डुप्लिकेशन सिस्ट, म्हणजे आतड्यासारखीच भिंत असलेली गाठ, असण्याची शक्यता मोठी. पांढरं ते अस्तर, काळा तो स्नायू. मग प्रोब न हलवता मिनिटभर थांब. भिंत आकसताना दिसली तर निदान आणखी पक्कं होतं. सुरुवातीला एकदा मी ते मिनिट थांबलो नव्हतो, अजून सलतं.

मुलगी असेल तर दोन्ही अंडाशयं वेगळी शोधच, कारण तिथली गाठही कधी अशीच दुहेरी भासते. या सिस्ट सर्वांत जास्त इलियमपाशी, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागापाशी, सापडतात आणि आतड्यात आतडं शिरायलाही कारण होतात. शौचातून रक्त जात असेल तर टेक्नेशियम स्कॅन (किंचित किरणोत्सर्गी औषध टोचून काढतात तो) सुचव. सिस्टमध्ये जठराचं अस्तर असेल तर ते उजळतं. स्कॅन कोरा आला म्हणून सिस्ट नाही असं मात्र समजू नकोस.

आणि पावसाळ्यात पोराला पुढे पाठवणं उद्यावर ढकलू नकोस. आंबा घाटात दरड आली की कोल्हापूरची वाट अडते. पोर उलट्या करत असेल तर बालशल्यतज्ज्ञांना तू स्वतः फोन लाव.